नागीण गेली, आग राहिली

हे मी उभ्याउभ्या लिहितो आहे. कोनाड्यावर कागद ठेवायचा, दोन ओळी लिहायच्या, अंगणात एक फेरी मारायची, परत दोन ओळी. बसायची सवय मला नागीण झाली त्या वर्षी मोडली ती मागापुरती परत आली, कागदापुरती नाही. लिखाण तुटक वाटलं तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

मी आरमोरीचा कोष्टी. कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणतो. शाळा चौथीपर्यंतच, पण पेठेतल्या लोकांची पत्रं मीच लिहून द्यायचो, म्हणून हात वळता राहिला. नागीण झालेली माणसं आमच्याकडे पुष्कळ सापडतात. नागीण सुकून गेल्यावरही तिची आग अंगात घेऊन फिरणारी माणसंही आहेत, पण ती बोलत नाहीत. दाखवायला काही नसतं ना. कातडी साफ, ताप नाही, सूज नाही, आणि माणूस म्हणतो मी जळतोय. लोक म्हणतात, सोंग करतो. माझ्याबद्दलही म्हणाले. म्हणून मी लिहायचं ठरवलं.

मार्कंड्याहून आल्यावर

त्या साली महाशिवरात्रीला आम्ही मार्कंड्याच्या जत्रेला गेलो होतो. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा. वैनगंगेत आंघोळ केली, दर्शन घेतलं, बैलगाडीत दाटीवाटीनं परत आलो. आल्यावर उजव्या बरगडीखाली ठणका लागला. मला वाटलं, गाडीचा दांडा लागला असेल. बायको सरस्वती, तिला सगळे सरू म्हणतात, ती म्हणाली मुंगळा चावला असेल. दोघांनीही आपापलं निदान करून विषय संपवला.

तिसऱ्या दिवशी पुरळ उठलं. पाठीच्या कण्यापासून निघालं आणि बरगडीखालून बेंबीकडे सरकलं. पाण्यानं भरलेले फोड, एकाला एक लागून. सरूनं पाहिलं आणि तोंडावर पदर धरला. नागिणीचं तोंड आणि शेपूट अंगाभोवती फिरून एकमेकांना मिळालं की माणूस जातो, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं.

आता आमच्या पेठेतली रीत सांगतो, कारण माझं नुकसान तिथून सुरू झालं. दुसरीकडे नागिणीवर गेरू लावतात, आम्हीही लावतो. पण आम्ही पडलो कोष्टी. आमचा सगळा भरवसा दोऱ्यावर. कच्च्या कोशाचा दोरा पिळून गेरूच्या पाण्यात भिजवायचा आणि तोंड-शेपटीच्या मध्ये अंगाभोवती घट्ट बांधायचा. कोसा सोवळ्यातला, तो ओलांडून नागीण जात नाही असं म्हणतात. एकवीस दिवस तो दोरा सोडायचा नाही, आणि दोरा अंगावर आहे तोवर दुसरं कुठलंच औषध लावायचं नाही, नाहीतर दोरा रुसतो.

दोरा माझा धाकटा भाऊ नामदेव यानं बांधला. जीव लावून बांधला, हे मी शपथेवर सांगेन. पण कच्चा कोसा म्हणजे डिंकाचा दोरा, वाळला की करवतीसारखा होतो. तो फोडांवर घासत राहिला. फोड फुटले, चिघळले. तहसिलीजवळच्या दवाखान्यात डॉक्टर बसत होता, आमच्या घरापासून चिलीम ओढून होईल इतक्या अंतरावर. मी गेलो नाही. दोरा रुसेल म्हणून. डॉक्टर रुसला असता तर मला चाललं असतं.

एकविसाव्या दिवशी दोरा सोडला. तोंड-शेपूट मिळालं नव्हतं. पेठेत गूळ वाटला. पुढे कळलं की नागीण बहुधा अंगाच्या एकाच बाजूला राहते, कोणी दोरा बांधो की न बांधो.

सदरा

खपल्या पडल्या आणि खरी गोष्ट सुरू झाली. सगळे म्हणाले, बरा झालास. मी पण म्हणालो, झालो. आणि सदरा घातला.

कापडाचा स्पर्श झाला तसा मी ओरडलो. विस्तव टेकवल्यावर माणूस ओरडतो तसा. विणकराच्या घरी जन्मलो, पन्नास वर्षं कापड हाताळलं, आणि तेच कापड मला सोसेना. पंचा सोसेना, वारा सोसेना, माशी बसली तर डोळ्यांत पाणी. बसलं तर आग, निजलं तर आग, म्हणून मी चालायचो. अंगणातून ओसरीत, ओसरीतून परसात, परत अंगणात. उघड्या अंगानं, उजवा हात वर धरून, कारण हात खाली सोडला तर बरगडीला लागायचा. पेठेतली पोरं माझी नक्कल करू लागली. मी त्यांच्यावर खडे फेकले. एक लागलाही, त्याची लाज अजून वाटते.

झोप गेली, मग भूक गेली, मग जिभेवरचा ताबा गेला. माझा स्वभाव मुळातच तापट, पण तोवर त्याला धोट्याचं काम होतं. दिवसभर मागाच्या सुतांतून धोटा फेकला की संध्याकाळी राग उरत नसे. आता सगळा राग घरासाठी मोकळा होता. एका दुपारी सरू भात वाढत होती. तिचा पदर घसरला आणि माझ्या कुशीला चाटून गेला. मी ताट भिरकावलं. भात भिंतीवर गेला. तिनं भात वेचला, भिंत पुसली. दुसऱ्या दिवसापासून ती पदर कमरेला घट्ट खोचून, हात लांब करून ताट ठेवायची आणि मागं सरायची. कुत्र्याला ठेवतात तसं. मी ते पाहत होतो आणि माझ्या तोंडून माफीचा शब्द निघत नव्हता.

कधी कधी मी डोळे मिटलेत असं पाहून ती कुशीवर हात ठेवायला बघायची. अगदी हलका, बोटांच्या टोकांनी, मोरपीस फिरवावं तसा. तो हलका हात सगळ्यात वाईट. मी तो झटकून टाकायचो. शेवटी सांगून टाकलं, आजपासून मला हात लावायचा नाही. ती म्हणाली, बरं.

अर्धं कापड

मागावर एक लुगडं होतं. नऊवारातलं साडेचार वार विणून झालं होतं तेव्हा मी जत्रेला गेलो. कुरखेड्याकडचा चांगला कोसा मिळाला होता, त्याचा अंगचाच मधासारखा रंग होता, आणि इतकं बारीक सूत मी पुन्हा काढू शकेन असं मला वाटत नव्हतं.

नागीण झालेल्यानं मागावर बसायचं नाही, ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या सुतांना, विटाळ होतो, ही पेठेची दुसरी रीत. एरवी मी कदाचित भांडलो असतो. पण मला स्वतःलाच मागाची भीती बसली होती. आमचा माग खड्ड्याचा. पाय खड्ड्यात सोडून काठावर बसायचं, आणि विणलेलं कापड गुंडाळायचा लाकडी रूळ येतो बरोबर पोटाशी, बरगडीच्या खाली. जिथं सुती सदरा सोसत नाही तिथं सागवानी रूळ कसा सोसायचा? मी मागाच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि त्या बाजूला फेरीसुद्धा घालेनासा झालो.

आमच्या घरात अर्धं कापड मागावरून कापत नाहीत. विणणारा मेला तरच कापतात. माझ्या बापाचं अर्धं धोतर आम्ही त्याला नदीवर पोचवून आल्यावर दुसऱ्या दिवशी कापलं होतं. कात्री मीच चालवली होती, तो आवाज मला ठाऊक आहे. त्यामुळे ते लुगडं मागावर आहे तोवर मी विणकर आहे, आणि ते उतरलं की मी घरात बसून खाणारा एक म्हातारा, एवढा साधा हिशोब माझ्या डोक्यात होता.

चांद्याचा दवाखाना

सरूनंच जायचं ठरवलं. ज्येष्ठ लागला होता, म्हणजे पुरळ उठून तीन महिने होऊन गेले होते. वडशापर्यंत बैलगाडी, तिथून छोटी आगगाडी. गाडीत मी बसलो नाही. दाराशी दांडा धरून चांद्यापर्यंत उभा. लोक म्हणायचे बसा, जागा आहे. मी त्यांच्याकडे रागानं पाहायचो.

डॉक्टर साताऱ्याकडचे, बदली होऊन आलेले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, दोऱ्याचंही. हसले नाहीत. कापसाचा बोळा हातात घेऊन म्हणाले, हा नुसता फिरवतो. फिरवला आणि मी खाटेवरून उठून उभा राहिलो. ते म्हणाले, "तुम्ही सोंग करत नाही. नागीण गेली, पण ती ज्या शिरेतून आली ती शीर दुखावून गेली."

मला रडू आलं. दुखण्यामुळे नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं होतं की मी सोंग करत नाही.

मी विचारलं, बरा होईन का? त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. म्हणाले, काही गोष्टींवर असतं. वय किती, सुरुवातीची नागीण किती जोराची, जखम किती चिघळली, औषधाला किती उशीर झाला. म्हातारपणी हे दुखणं चिकटून बसतं. यातलं काहीच आता आपल्या हाती नाही. झोप थोडीफार आहे. आणि जो उपचार धरला तो धरून ठेवणं पूर्ण तुमच्या हाती आहे. तीन आठवडे इथं राहा, मधे सोडू नका. मी मान हलवली. मी किती सहज मान हलवतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

दवाखान्याचा दिवस घंटेवर चाले. पहाटे झाडू, मग काचेच्या पेल्यातलं कडू मिक्स्चर, मग सुई. सुईतलं औषध लालभडक, कुंकू कालवल्यासारखं. एक दिवसाआड पाठीच्या कण्याशेजारी बधिर करायची मोठी सुई. ती दिली की काही तास आग शांत व्हायची. त्या तासांत मी झोपायचो, सरू व्हरांड्यात तीन दगडांच्या चुलीवर भात रांधायची, आणि जग बरं वाटायचं. मग आग परत यायची आणि मी व्हरांड्यात फेऱ्या घालू लागायचो. नर्सबाई म्हणायच्या, तुम्ही दवाखान्याची फरशी झिजवणार.

शेजारच्या खाटेवर जंगलात लाकूड तोडणारा एक जवान गडी होता. त्यालाही नागीण, खांद्यावर. पुरळ उठल्यापासून पाच दिवसांत आला, बाराव्या दिवशी हसत घरी गेला. जाताना माझ्या पाया पडला. मी आशीर्वाद दिला, पण मनात त्याच्यावर जळत होतो. तो वयानं बावीस, आणि दोरा-बिरा न बांधता सरळ दवाखान्यात आला, एवढाच त्याचा गुन्हा.

बायकांच्या बाजूला कुरखेड्याची एक म्हातारी होती. तिची नागीण कपाळावर उठून डोळ्यापर्यंत उतरली होती. दोन वर्षं झाली होती. व्हरांड्यात माझ्या फेऱ्या बघून एकदा म्हणाली, "भाऊ, काऊन पळून राह्यले? ते आग तुमच्यासंगच येऊन राह्यली नं." मी म्हटलं, बसवत नाही. ती म्हणाली, तिलाही बसवत नव्हतं, मग तिनं दुखण्याशी भांडण सोडलं आणि बांबूच्या टोपल्या विणायला घेतल्या. काम करताना दुखतं ते दुखतंच, पण आपलं लक्ष त्याच्या तोंडाकडे राहत नाही. मला तेव्हा तो म्हातारीचा उपदेश वाटला, आणि उपदेशाचा मला मुळातच कंटाळा.

नवव्या दिवशी नामदेव भेटायला आला. अंबाडीची भाजी, तांदळाच्या भाकरी घेऊन. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग खाली मान घालून मुद्द्यावर आला. पावसाळा तोंडावर आहे, ताण्याची खळ ओल धरते आहे, उंदरांनी एका बाजूची सुतं कुरतडली, सगळा कोसा सडून जाईल.

"भाऊ, तुमी म्हनसान तं उतरवतो. नाई म्हनसान तं नाई. पन माग रिकामा होईन तं काही तरी विनता येईन."

त्याचं एकही वाक्य चूक नव्हतं. मी काहीच बोललो नाही. त्यानं माझ्या गप्प राहण्याचा अर्थ 'हो' असा घेतला, आणि दुसऱ्यानंही तोच घेतला असता. तो परत गेला. सकाळी लाल सुई घ्यायच्या आधी मी सरूला म्हटलं, चल. ती म्हणाली, डॉक्टरसाहेबांनी तीन आठवडे सांगितले आहेत. मी पायात वहाणा सरकवल्या होत्या. तिनं भांडी बांधली.

ही माझी दुसरी चूक. पहिली दोऱ्याची होती, ती रीतीवर ढकलता येते. ही माझी एकट्याची.

रूळ

घरी पोचलो ते दुसऱ्या दिवशी दुपारी. मागाच्या खोलीचं दार उघडं होतं. नामदेव मागाशी वाकलेला, हातात कात्री. शेजारी त्याची बायको परात धरून उभी, कारण कापलेल्या कापडावर हळद-कुंकू वाहतात. मेलेल्याचं असतं ना.

मी खोलीत शिरलो, खड्ड्यात पाय टाकले आणि त्या कापडावर पालथा पडलो. दोन्ही हातांनी रूळ कवटाळला. सगळं वजन रुळावर, आणि रूळ बरोबर उजव्या बरगडीखाली, त्याच जागी. पडतापडता मनात म्हटलं, आता जीव जाणार.

एकदा जोराची कळ आली. मग आग खाली बसली.

गेली नाही. बसली. भात उतू जाताना चुलीतलं लाकूड ओढावं तशी. मी आणखी जोरानं दाबलं. आणखी बसली. नामदेव म्हणत होता भाऊ उठा, उठा, लागते तुम्हाले. मी त्याला हातानं थांब म्हणून खूण केली. मला हलायचंच नव्हतं. किती वेळ तसा पडून होतो ठाऊक नाही. नंतर कळलं, त्यांना वाटलं मी बेशुद्ध पडलो.

मग मी उठून सरळ बसलो, कंबर पुढे सरकवली, पोट रुळाला घट्ट लावलं आणि धोटा मागितला. नामदेवनं विटाळाचं काही म्हटलं नाही. कात्री खाली ठेवून त्यानं कोनाड्यातला धोटा काढला, धूळ फुंकली आणि माझ्या हातात दिला. त्या दिवशी मी चार बोटं कापड विणलं. सुतं तुटली, मी शिव्या दिल्या, परत सांधली. साडेतीन महिन्यांत मी पहिल्यांदा इतका वेळ एका जागी बसलो होतो.

पुढचं

आठ दिवसांनी मी चांद्याला परत गेलो. डॉक्टरांपुढे मान खाली घालून उभा राहिलो. त्यांनी रागावून घेतलं, तो त्यांचा हक्कच होता. मग रुळाचं ऐकलं आणि सांगितलं, असं काही जणांना होतं. दुखावलेल्या शिरेला हलका स्पर्श सोसत नाही आणि घट्ट दाब सोसतो, कधी बराही वाटतो. सगळ्यांनाच असं होत नाही, हेही बजावलं. मऊ जुन्या कापडाचा रुंद पट्टा पोटाभोवती घट्ट गुंडाळायला सांगितला, फडफडणारा सदरा बंद. सुयांचं राहिलेलं पूर्ण केलं, यावेळी एकही दिवस न चुकवता. कुरखेड्याची म्हातारी तोवर घरी गेली होती. तिला सांगायचं राहिलं की तिचा उपदेश मी उशिरा का होईना ऐकला.

लुगडं दिवाळीच्या आधी पुरं झालं. उजेडात धरलं की मधोमध एक रेघ दिसते. तिथं ओल लागून रंग थोडा बदलला आहे. ती तिथंच राहू दिली.

आग अजून आहे. ढगाळ दिवशी येते, थंडीत येते, चिडलो की हमखास येते. पण सोळा आण्यांतली चार आणे राहिली आहे, आणि चार आण्यांत माणूस जगतो. मला बरं कशानं वाटलं, असं लोक विचारतात. सुईनं, झोपेनं, दाबानं, कामानं, की नुसते दिवस गेल्यानं? मी खरंच सांगू शकत नाही. एवढं सांगतो की पुरळ उठल्या दिवशी डॉक्टरकडे जा. दोरा बांधायचा तर बैलाच्या शिंगाला बांधा. आणि तीन आठवडे म्हटले की तीन आठवडे राहा, मागावर काहीही असो.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी चार बोटं विणून मी उठलो तेव्हा सरू दाराशी उभी होती. पदर कमरेला खोचलेला, माझ्यापासून हातभर लांब. मी तिला जवळ बोलावलं. ती आली नाही. मी तिचा हात धरला आणि कुशीवर ठेवला. तिनं लगेच बोटं उचलली, टोकं तेवढी टेकवली, आणि मी कळवळलो.

म्हटलं, तसा नको. पुरा पंजा ठेव. दाब.

ती घाबरत घाबरत दाबू लागली. मी म्हटलं, अजून. तिनं दुसरा हातही लावला आणि भाकरी थापणाऱ्या हातांचा सगळा जोर लावला. आग खाली बसली. मी डोळे मिटून उभा राहिलो, अजिबात न हलता. माझ्या खांद्याला ओलं लागलं तेव्हा कळलं की ती रडते आहे.

"मले का मालूम," ती म्हणाली. "तुम्हाले दुखन म्हनून मी हलकाच लावत व्हती."